गुणाजींच्या रिव्ह्यूला एक 'निरुपयोगी'

वडा खाऊन झाल्यावर पुष्कर प्रधानने हात पुसले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आकांक्षाचा मेसेज आला होता, 'बाबांनी रिव्ह्यू टाकलाय, वाच आणि लगेच उपयोगी दाब', आणि आकांक्षाच्या बाबांच्या बाबतीत लगेच म्हणजे लगेच. दादरच्या घरात, ओट्याशी उभ्या उभ्याच त्याने लिंक उघडली. पहिल्या दोन ओळी वाचल्या, कौतुकाने मान हलवत थेट तळ गाठला आणि अंगठा टेकवला. तेलकट अंगठा घसरला तो शेजारच्या बटणावर जाऊन बसला. पडद्यावर उमटलं, 'निरुपयोगी: १. मत दिल्याबद्दल आभार.'

 पुष्करने मत मागे घ्यायचा प्रयत्न केला. साइटने नम्रपणे कळवलं की एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. त्याने फोन बंद करून पुन्हा चालू केला. 'निरुपयोगी: १' जागच्या जागी होतं.

आकांक्षाचे बाबा म्हणजे घोडपदेवचे गुणाजी घाडीगावकर. गोदीतून निवृत्त झालेले, एके काळचे कबड्डीतले नावाजलेले चढाईपटू. परदेशातल्या पुतण्याने तबकड्या धाडल्यापासून त्यांना डिस्क गोल्फने झपाटलं होतं. गोल्फसारखाच खेळ, पण काठी आणि चेंडू नाही. तबकडी फेकायची आणि खांबाला टांगलेल्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. ओळखीतून वडाळ्याला एक मोकळी जागा मिळवून गुणाजींनी तिथे स्वतः उभं राहून टोपल्या वेल्ड करून घेतल्या होत्या. मग खेळाडूंच्या साइटवर त्या मैदानाचा रिव्ह्यूही स्वतःच लिहिला. स्वतःच्या मुलाच्या स्थळाचं वर्णन स्वतःच करू नये, हे त्यांना सांगण्याची घरात कोणाची छाती नव्हती.

आणि पुष्कर-आकांक्षाचं लग्न या गुणाजींच्या एका होकारावर अडलं होतं. काय ते रविवारी दादरला येऊन सांगतो, असं त्यांनी कळवलं होतं. मत कोणी दिलं ते साइटवर दिसत नव्हतं, एवढाच काय तो आधार. पण पुष्करचा स्वभाव असा, की चोरी दुसऱ्याने केली तरी पोलीस दिसल्यावर घाम याला फुटायचा. इथे तर चोर तो स्वतःच होता.

"आई, संपलं सगळं," तो सुनंदाबाईंना म्हणाला आणि झाला प्रकार सांगितला.

"एवढंच ना? एक वाईट मत पडलं, तर त्यावर चांगली पन्नास पाडू. आमचा हास्यक्लब कशाला आहे?"

सुनंदाबाईंचा हास्यक्लब रोज सकाळी मैदानात जमून हसायचा आणि उरलेला दिवस फोनवर एकमेकांना अंगठे द्यायचा. ग्रुपवर कोणी नातवाचा फोटो टाको की पाय मोडल्याची बातमी टाको, अंगठा सगळ्यांना सारखाच. वाचायची पद्धत नव्हती. वाचत बसलं तर अंगठा द्यायला उशीर होतो आणि समोरच्याला राग येतो. सुनंदाबाईंनी लिंक टाकली, खाली लिहिलं, 'आपल्या होणाऱ्या व्याह्यांचं लिखाण, सर्वांनी उपयोगी दाबावे.' क्लब कामाला लागला.

सकाळी पुष्करने डोळे किलकिले करून साइट उघडली. गुणाजींच्या रिव्ह्यूला उपयोगी मतांचा पाऊस पडला होता. त्याने देवाला हात जोडले आणि तेवढ्यात त्याला दिसलं की गुणाजींचा रिव्ह्यू वरून दुसरा आहे. पहिला होता गिरगावच्या कुणा कमलाकांत विजयकरांचा. त्यात एवढंच लिहिलं होतं: 'या मैदानाकडे कोणीही फिरकू नये. माझे बूट अजून वाळलेले नाहीत.' त्याखालीही उपयोगी मतांचा तसाच पाऊस होता.

"आई! विजयकरांना कोणी दिली मतं?"

सुनंदाबाईंनी ताम्हाणेकाकूंना फोन लावून स्पीकरवर टाकला. "अगं, ते बिचारे खाली एकटेच पडले होते," ताम्हाणेकाकू म्हणाल्या, "बरं दिसतं का ते? दिला त्यांनाही. मी सगळ्यांना सांगितलं, दोघांना द्या. तुझ्या व्याह्यांचे मित्रच असतील ना?"

मतं दोघांना सारखीच पडली होती. पण गुणाजींच्या खात्यावर एक निरुपयोगी होतं, विजयकरांच्या खात्यावर एकही नव्हतं. म्हणून साइटने विजयकरांना उचलून डोक्यावर बसवलं होतं. म्हणजे पुष्करच्या अंगठ्यानेच. तो खुर्चीत बसला आणि फोन वाजला. गुणाजी!

"पुष्कर? कॉम्प्युटरवालो ना तू? आत्ताच्या आत्ता घोडपदेवला ये. माका तो एक माणूस शोधून दी."

"कोणता माणूस, काका?" पुष्करने विचारलं.

"ज्याने निरुपयोगी म्हटलान तो!"

घोडपदेवच्या खोलीत गुणाजी पंख्याखाली येरझारा घालत होते. खोली लहान, त्यामुळे दर दोन पावलांनी त्यांना वळावं लागत होतं आणि प्रत्येक वळणावर राग वाढत होता. आकांक्षा दारातच उभी होती. तिने डोळ्यांनी विचारलं, 'काय झालं?' पुष्करने डोळ्यांनी सांगितलं, 'मी मेलो.' आकांक्षाच्या आईने, मालनकाकूंनी, चहा आणून ठेवला. तो उचलावा तर कप बशीत वाजेल, म्हणून पुष्करने हात मांडीखाली दाबून धरले.

"विजयकर शत्रू आसा, ता समजतंय मी," गुणाजी म्हणाले. "पण ह्यो घरातलो कोणीतरी आसा. बाहेरच्याला मराठी रिव्ह्यूत काय इंटरेस्ट? शोध तू."

"काका, साइट नाव दाखवत नाही. खूप अवघड असतं ते. महिने लागतात."

"मग माका ठाऊक आसा. रघु! माझो मेव्हणो. आमच्या लग्नात मानाचा पान मिळाला नाय म्हणून तीस वर्षं जळता तो. आज त्याचो-माझो संबंध संपलो." गुणाजींनी फोन उचलून नंबर लावला. मालनकाकूंचा चेहरा उतरला. रघु त्यांचा एकुलता एक भाऊ. पलीकडे रिंग वाजू लागली. पुष्करला वाटलं, आपण आता तोंड उघडलं तर लग्न गेलं आणि नाही उघडलं तर काकूंचं माहेर गेलं. रिंग वाजतच होती.

"काका, ठेवा फोन. मी होतो तो."

गुणाजींनी फोन ठेवला. 

"कित्याक?"

"चुकून. उपयोगीच दाबायचं होतं. अंगठ्याला तेल होतं. वड्याचं."

"उपयोगी दाबूचा होता. म्हणजे वाचलंस सगळा?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पहिल्या दोन ओळी."

यावर गुणाजी एवढे दुखावले की त्यांना ओरडताही येईना. मालनकाकूंनी त्यांचाच फोन पुष्करच्या हातात दिला. "वाच. मोठ्याने. आम्ही पण ऐकतो."

पुष्कर वाचू लागला.  टोपल्यांचं वर्णन झालं, वाऱ्याचं झालं. मग आलं, 'तिसऱ्या टोपलीनंतर पिंपळाच्या डाव्या अंगाने बिनधास्त चालत जावे.' इथे पुष्कर थांबला. गुणाजींबरोबर तो एकदा तिथे खेळला होता आणि त्याची तबकडी कुठे बुडाली ते त्याला चांगलं आठवत होतं.

"काका, पिंपळाच्या डावीकडे नाला आहे ना?"

"नालो उजवीकडे आसा!"

"टोपलीकडे तोंड केलं तर डावीकडे येतो."

गुणाजी खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. कपाटाला पिंपळ मानलं, मोरीला टोपली मानलं आणि डावा हात पसरला. हात खिडकीकडे, म्हणजे नाल्याकडेच गेला. मग ते उलटे वळले. आता हात मालनकाकूंच्या पलंगाकडे गेला. ते दोनदा वळले, पण टोपलीकडे तोंड असताना नाला काही उजवीकडे यायला तयार होईना. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जिथे त्यांची खुर्ची असते, तिथे बसून त्यांनी डावं-उजवं लिहिलं होतं. खेळायला येणारा माणूस मात्र समोरून येतो.

"म्हणजे त्या विजयकराचे बूट..." ते हळूच खाली बसले.

"बिनधास्त गेला असणार तो," मालनकाकू म्हणाल्या. "पण एवढ्या जणांनी उपयोगी म्हटलं, त्यांच्यातला एकसुद्धा नाल्यात पडला नाही?"

"ते माझ्या आईच्या हास्यक्लबचे आहेत, काकू. त्यांनी वडाळा पण बघितलेला नाही."

"कोणी मसाला सांगितला की आपण तो करून बघतो, मग बोलतो. माणूस आवडतो म्हणून मसाला बरा होतो काय?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमका घरात 'छान' सोडून कोण काय बोलूक शकता? मग नालो कोण दाखवतलो?"

गुणाजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.  शेवटी पुष्करला एवढंच म्हणाले, "रविवारी येतंय." हे बरं की वाईट, या विचारात पुष्करने शनिवारपर्यंत नखं संपवली.

रविवारी सुनंदाबाईंनी आधाराला म्हणून अर्धा हास्यक्लब घरात बसवून ठेवला होता. गुणाजी, मालनकाकू आणि आकांक्षा आत आल्या आल्या ताम्हाणेकाकूंनी सुरुवात केली, "पुष्कर म्हणजे हिरा हो, हिरा!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणी 'संस्कारी' म्हटलं, कोणी 'निर्व्यसनी', एका आजोबांनी चुकून 'सुंदर' म्हटलं.

गुणाजींनी हात वर केला. "ताई, तुम्ही सांगा. पण खरा सांगा. माझी मुलगी चालत जाणार आसा त्या वाटेनं."

सुनंदाबाईंनी क्लबकडे पाहिलं, मग मुलाकडे. पुष्करने डोळे मिटून घेतले.

"ओला टॉवेल पलंगावर टाकतो," त्या म्हणाल्या. "बिल भरायचं तर शेवटच्या दिवशी. भित्रा आहे, पाल दिसली तर आधी मला हाक मारतो. वडील गेले तेव्हा वर्षभर माझ्या खोलीत जमिनीवर झोपला, मला भीती वाटते म्हणून नव्हे, त्याला वाटायची म्हणून. चूक केली की पोटात ठेवता येत नाही त्याला. उशिरा का होईना, येऊन सांगतो." एवढं बोलून त्यांनी पदराला डोळे पुसले. क्लबमध्ये पहिल्यांदाच कोणी अंगठा दाखवला नाही.

गुणाजी पुढे वाकले. "ह्येका म्हणतत उपयोगी."

पुष्करचे डोळे उघडले. "म्हणजे... होकार?"

"रिव्ह्यू उपयोगी म्हटलं मी. मैदान चांगला आसा असा खय म्हटलं?"

पुष्करने आईकडे पाहिलं. गुणाजी मात्र लेकीकडे पाहत होते. आकांक्षाने समोरच्या बशीतला पेढा उचलला, अर्धा तोडून बाबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तीन वर्षं ओळखते मी ह्याला. नाला कुठे आहे ते मला माहीत आहे."

गुणाजींनी पेढा तोंडात टाकला.