हळ्ळाला दिलेली वेलांटी

आई हळ्ळातून पाणी आणायची. हळ्ळ म्हणजे ओढा. आमच्या खानापुराकडं मराठी घरांतही तोच शब्द. वडील वीटभट्टीवर, आईही दुपारपर्यंत तिथंच, आणि त्यानंतर तिच्या डोक्यावर घागर, कमरेवर घागर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज आतून बघितलं नव्हतं. मी भूगोल घेऊन बी. ए. झालो आणि बेंगळुरूला मारतहळ्ळीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे दुरुस्त करायला लागलो, तेव्हा वडिलांनी भट्टीवर सगळ्यांना सांगितलं, "पोरगा देश आखतो." मी ते खोडून काढलं नाही. मलाही तसंच वाटायचं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत माझी शोभा नाही. हकिकत माझे घरमालक नागोजीअण्णा यांची आहे.

होसकोट्याच्या अलीकडं एका जुन्या गावात त्यांचं घर. वरच्या खोलीत मी. पहिल्याच संध्याकाळी ते मला गाव दाखवायला घेऊन निघाले. भर रस्त्यात, जिथं खड्डा नाही, गटार नाही, काही म्हणजे काही नाही, अशा जागी अण्णा थांबले. धोतराचा सोगा उचलला, उंबरा ओलांडावा तसा पाय उंच केला आणि पलीकडं गेले. वायर वगैरे असेल म्हणून मीही तसाच पाय उचलला. समोरच्या बेकरीतली माणसं हसली.

"काय होतं अण्णा?"

"शीव. इथं आपलं गाव संपलं. तिच्यावर पाय देत नाहीत."

अशा न दिसणाऱ्या शिवा त्यांना पाठ होत्या. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं दुकान त्यांच्या हिशेबानं दोन गावांत होतं. खुर्ची आपल्या गावात, आरसा पलीकडच्या. "केस इकडं कापतो आणि तोंड तिकडं बघतो," असं ते प्रत्येक हजामतीला सांगत, आणि न्हावी प्रत्येक वेळी "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, म्हणत असे. बेकरीतला चहा मात्र ते शिवेच्या अलीकडं उभं राहूनच पीत. ग्लास पोऱ्यानं नव्हे, खुद्द मालकानं हात लांब करून द्यायचा.

त्यांच्या घराण्याला या मुलखात किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. मराठी घरात टिकली होती, पण अर्धीअधिक कन्नड नेसून. "स्वल्प सरक," "जेवण बेड आज", म्हणजे नको आज, आणि कशाचंही दुःख करायचं नसलं की "होगली बिडू", म्हणजे जाऊ दे, सोड. जमीनमोजणीच्या खात्यात तीस वर्षं काढलेली. गल्ली त्यांना सर्व्हेयर अण्णा म्हणायची आणि त्यांना ते फार आवडायचं. दारावरच्या पत्र्यावर 'सर्व्हेयर (निवृत्त)' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. कुरियरवाल्यानं नुसतं "नागोजीराव" अशी हाक मारली तर ते खिडकीतून विचारत, "कुठले नागोजीराव?"

माझ्या नोकरीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"काय पदवीधर, आज काय आखलं?"

"एक तालुका."

"चालून बघितलास?"

"अण्णा, वरून फोटो असतो. सगळं दिसतं."

"वरून देवालाही दिसतं रे. पण तो कधी हद्द सांगायला आलाय?"

मी हसायचो. शिकलेला माणूस हसतो तसा, एका बाजूनं.

इंटरनेटवर लोकांनी मिळून केलेला एक नकाशा आहे. कुणीही त्यात रस्ता घालावा, तळं घालावं, चूक दिसली तर सुधारावी. सुट्टीच्या दिवशी मी तिथं फुकट काम करायचो, 'नकाशावीर' या नावानं. हे नाव लिहिताना आज कान गरम होतात. तर या नकाशात आमच्या गावाची हद्द कुणीतरी बटाट्यासारखी काढून ठेवली होती. मी अण्णांना म्हटलं, खरी हद्द सांगा.

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पाच ओळी लिहायला पाऊण तास घेतला. चौथी ओळ होती : 'पिंपळापासून दगडापर्यंत शीव हळ्ळ धरून.'

मी फोटो उघडला. तिथं कुठला हळ्ळ? तिथं प्लॉट पडलेले, आणि मधून सरळ डांबरी रस्ता. मग माझ्यातला पदवीधर जागा झाला. हळ्ळी म्हणजे गाव, हे तर इथलं शेंबडं पोर सांगेल. म्हाताऱ्याची वेलांटी राहिली! मी लाल पेन घेऊन त्यांच्या 'हळ्ळ'ला वेलांटी दिली. शीव हळ्ळी धरून. म्हणजे जुन्या गावाची घरं जिथं संपतात तिथून. रस्त्यावरून झकास सरळ रेघ मारली. ज्याला आईनं हळ्ळातलं पाणी आणून वाढवलं, त्या माणसानं हे केलं.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं."

"चालून..."

"अण्णा!" मी ओरडलो.

पुढच्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या. गावानं कमिटी केली, निवृत्त शिक्षिका शांतक्का तिच्या प्रमुख. टँकर ठरले. कुठल्या घरांना पाणी द्यायचं याची यादी करायला कुणाच्या तरी मुलानं तोच लोकांचा नकाशा घेतला. हद्दीच्या आतली घरं, तेवढी यादीत. नकाशात घर नाही तर टँकरवाला थांबत नव्हता.

त्याच दिवसांत अण्णांचं नवीन खूळ दिसलं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन ते शिवेकडं चालत निघायचे. चौऱ्याहत्तरीचा माणूस, वीस पावलांवर थांबून दम खायचा. मी वरून विचारलं, "काय अण्णा, आता शिवेला पाणी घालता काय?"

"हो," ते मान वर न करता म्हणाले. "सुकत चाललीय."

मी हा विनोद ऑफिसातही सांगितला.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात कमिटीची बैठक होती. कन्नडमध्ये चालली होती, मी मराठीत सांगतो. डांबरी रस्त्यापलीकडच्या घरातली एक बाई उभी राहिली. म्हणाली, "आमच्या अकरा घरांना नऊ दिवस टँकर नाही. पलीकडचं गाव म्हणतं, तुम्ही आमच्या वहीत नाही. तुम्ही म्हणता, आमच्या नकाशात नाही. मग आम्ही आहोत कुठं? हे अण्णा रोज चार कॅन आणतात, त्यात लेकरांचं भागतंय."

अकरा घरं. रस्ता आणि पिंपळ यांच्या मधली, माझ्या रेघेनं बाहेर टाकलेली.

शांतक्कांनी चष्मा पुसून मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ही रेघ कुणी बदलली, ते इथं लिहिलंय. हा नकाशावीर कोण? इथलाच आहे का कुणी?"

पटांगणात मला त्या नावानं ओळखणारा एकच माणूस होता, अण्णा. मी जमिनीकडं बघत राहिलो. उठ, असं मी स्वतःला म्हणालो, आणि उठलो नाही. वडिलांचा चेहरा दिसला, भट्टीवरची माणसं दिसली, आणि मी तसाच बसून राहिलो.

अण्णा उठले. "वीर कोण ते कळून काय करता? त्यानं माझ्या कागदावरून काढलंय. चूक माझी."

"तुमची? तुम्ही तर सर्व्हेयर!"

"नाही अक्का." अण्णांनी पंच्यानं मान पुसली. "मी साखळी ओढायचो. मोजणीची साखळी. एक टोक माझ्या हातात, लिहायचे ते साहेब. मला धड लिहिता कुठं येतं? अक्षर चुकलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आम्ही इतकी वर्षं..." दोघं-तिघं हसले. न्हावीही हसला. अण्णा खाली बसले आणि धोतराची निरी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

बैठक सुटल्यावर मी त्यांच्यामागून घरी गेलो. ते कॅन भरत होते.

"अक्षर चुकलं नव्हतं अण्णा. वेलांटी मी दिली."

"ठाऊक आहे. कागद तूच टेबलावर ठेवला होतास. लाल शाई लांबून दिसते."

"मग असं का केलंत?"

त्यांनी नळ बंद केला. "लग्नाच्या वेळी हिच्या घरी सांगितलं होतं, मुलगा सर्व्हेयर आहे. साखळीवाल्याला कोण देणार? हिला शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. पाहुण्यांना चहा देताना म्हणायची, आमचे हे सरकारी रेघा मारतात." त्यांनी कॅनचं झाकण लावलं. "तिच्यासाठी तो पत्रा होता. ती जाऊन सहा वर्षं झाली. आता कुणासाठी ठेवू? तुझं अजून सगळं व्हायचंय. होगली बिडू. कॅन धर."

मी दोन्ही कॅन घेतले. त्या दुपारी आम्ही पिंपळापासून निघालो. हळ्ळ प्लॉटांखाली सिमेंटच्या पाइपात गेला होता, म्हणून वरून दिसत नव्हता; एका भिंतीमागं कान लावला तर ऐकू येत होता. हद्दीचा दगड कुणीतरी धुणं धुवायला वापरत होतं. मी सगळं मोबाईलवर टिपलं आणि घरी येऊन रेघ बदलली.

पुढच्या रविवारी मी बैठकीत उभा राहून सांगितलं की नकाशावीर मी, चूक माझी, अण्णांचं अक्षर बरोबर होतं. शांतक्का म्हणाल्या, "मग त्या दिवशी तोंडात काय होतं?" गल्लीत आता अण्णांना कुणी सर्व्हेयर म्हणत नाही. तो मान मला परत आणता आला नाही.

हद्द मात्र हळ्ळातून जाते. अकराही घरं यादीत आहेत, आणि टँकर त्यांच्या दारात थांबतो.