दोन माशांपुरता गंज

धाकट्या डहाणूत समुद्र फुकट मिळतो. मागच्या दाराने बाहेर पडा, पन्नास पावलं चाला, हवा तेवढा घ्या! तरी नारू तांडेलच्या दिपेशने २०१७ साली समुद्र विकत आणला. चार बादल्या पाणी मावेल एवढी काचेची पेटी, दोन नारिंगी मासे, मुठीएवढं जिवंत मऊ पोवळं आणि मुंबईहून कुरियरने आलेली मिठाची पाकिटं!

"मेल्या, मीठ विकत आणलंस?" त्याची आई शांती कपाळावर हात मारून म्हणाली. "तेही खारं पाणी करायला?"

"आई, ते शास्त्रीय मीठ आहे. तुला नाही कळायचं."

दिपेशला सगळं कळायचं. बारा वर्षांपूर्वी 'मला मासळीचा वास सहन होत नाही' म्हणून त्याने बापाची बोट सोडली आणि डहाणू रोडला एका पतपेढीत चिकटला. तेव्हापासून नारू झरीच्या हाल्याला खलाशी म्हणून घेऊन दर्यात जायचा. हाल्या माणूस सोन्यासारखा, पण पोटचा पोरगा तो पोटचा पोरगा. तो एकदा तरी बोटीवर परत यावा, एवढी एकच आस म्हाताऱ्याला होती. देवाला नवस बोलून झाले होते, देवही कंटाळला होता.

महिन्याभरात पेटीची काच हिरवी बुळबुळीत झाली. का नाही होणार? दिपेश कामावर गेला की शांती मूठभर सुका जवळा पाण्यात सोडायची. म्हणायची, "उपाशी मारतो बिचाऱ्यांना!"

दिपेशने मोबाइलवरच्या मत्स्यपंडितांच्या ग्रुपला साकडं घातलं. तिथे तीन पक्ष होते. एक म्हणे गाळणीत कोळसा टाका, दुसरा म्हणे पांढरे मणी टाका, तिसरा म्हणे तपकिरी दाणे टाका, शेवाळाचं खाद्यच ते शोषून घेतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होत नाहीत एवढ्या शिव्या तिथे कोळशावरून झाल्या! दिपेशने अकरा दिवस अभ्यास करून तपकिरी दाणे निवडले. मग डबीची किंमत बघितली. मग डबीवर काय लिहिलंय ते बघितलं.

"लोखंडाचा ऑक्साइड? म्हणजे गंज! हे लोक गंज विकतात! अरे, गंज तर आपल्या घरचा आहे!"

घरचा म्हणजे नारूच्या बोटीचा. जुलै संपत आलेला, पावसाळ्याची मासेमारीबंदी, बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. दिपेश तारेचा ब्रश आणि स्टीलचं ताट घेऊन गेला आणि नांगर घासायला बसला. नांगर झाला, साखळी झाली, इंजिनाचा पाया झाला.

नारूने लांबून पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला. बारा वर्षांनी पोरगा बोटीला हात लावत होता! तोही कुणी न सांगता! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"शांते, देव पावला गं! ताट घेऊन बसलाय, गंज खालीसुद्धा सांडू देत नाही!"

तीन दिवस पोरगा घासत राहिला आणि तीन दिवस बाप बंदरभर सांगत फिरला. दिपेशला घरी बंदीआधी सुकवून ठेवलेली घोळ मासळी तळून मिळू लागली. का मिळते हे विचारायची अक्कल त्याला नव्हती. चौथ्या दिवशी नारूने हाल्याला फोन लावला.

"हाल्या, यंदा दुसरी बोट बघ बाबा. माझा दिपेश येतोय."

इकडे आमच्या शास्त्रज्ञाने तीन दिवसांचा गंज न धुता मोज्यात भरला, गाठ मारली आणि मोजा पेटीत सोडला. मोजा निदान धुतलेला होता. पण गंज इंजिनाखालचा! तासाभरात पाण्याचा चहा झाला, वर ग्रीसचे रंगीत डाग तरंगायला लागले. पोवळं मिटलं. मासे तोंडं वर करून आ वासायला लागले. पाणी बदलायचं तर मिठाचं पाकीट संपलेलं, नवीन यायला आठ दिवस!

"खाडीचं पाणी घालू नकोस हं," शांती म्हणाली. "पावसाचा नुसता चिखल आहे. चांगलं पाणी पार बाहेर, बोट जाते तिथे."

दिपेश धावत बंदरावर गेला.

"बाबा, बोट कधी निघणार?"

नारूने पोराला मिठीच मारली. "उद्याच! बंदी उठली! अरे, एवढी घाई लागलीय तुला?"

"खूप," दिपेश म्हणाला. तेवढं मात्र खरं बोलला.

पहाटे दिपेश दोन रिकामे कॅन घेऊन बोटीवर चढला. खाडीचं तोंड सुटायच्या आत तो ओकायला लागला. जाळं सोडताना ओकला, जाळं ओढताना ओकला, मध्ये नारूने एकट्याने दोघांचं काम केलं. नितळ पाणी लागलं तेव्हा मात्र पठ्ठ्या उठला आणि दोन्ही कॅन काठोकाठ भरून कुशीत घेऊन बसला.

"हे कशाला?" नारूने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दिपेशने मोजा, गंज, ग्रीस, सगळं सांगितलं. नारूने हातातलं जाळं खाली ठेवलं.

"म्हणजे तू बोटीसाठी नाही आलास."

"नाही."

"माझ्यासाठी पण नाही."

दिपेशने मान खाली घातली. खरं तर पुन्हा मळमळत होतं, पण शरमही वाटली.

"दोन मासे!" नारू ओरडला. "बारा वर्षं तुझ्या पाया पडलो, नवस केले, अन् तू आलास दोन माशांसाठी? तेही खायचे नाहीत! आधी सांगायचं होतंस, तेव्हाच आणून टाकले असते तुझ्या पुढ्यात!"

बोलता बोलता त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. किनारा दिसून फोनला रेंज आली तसा त्याने हाल्याला फोन लावला.

"हाल्या, कुठे लागला नाहीस ना? उद्यापासून ये रे बाबा."

"का? पोरगा आलाय ना बोटीवर?"

नारूने पोराकडे पाहिलं. दिपेश एका हाताने कॅन सांभाळत बोटीच्या कडेला लोंबकळत होता.

"आलाय," नारू म्हणाला. "पण खलाशी म्हणून नाही रे. गिऱ्हाईक आहे. पाणी न्यायला आलाय!"

गिऱ्हाईक पुन्हा ओकलं.