मौजे कोसमटोला येथील रेडिओची मोहीम आणि चहाबंदी उठल्याची हकीकत

आवाजास वतन नाही. तो वाऱ्याचा उपरी. आज या गावी, उद्या त्या रानी, आणि परवा कोठे गेला याचा ठाव कोणास लागत नाही. ऐसियास, गेलेला एक आवाज एका दिवसापुरता माघारा कैसा आला, आणि त्याकामी कोणी कैसी शर्थ केली, हे मागाहून येणारांस ठाऊक असावे म्हणोन लिहिले आहे.

परगणे कुरखेडा, मौजे कोसमटोला, येथे लटारूभाऊ म्हणोन भोंग्याचे सरदार नांदत होते. हिवाळा लागला म्हणजे वडशाच्या नाटक मंडळ्या त्यांस जीपगाडीवर बसवीत, आणि ते गावोगाव फिरोन, आज कोणता खेळ, मंडप कोठे, नटी कोण, हे ऐशा आवाजात पुकारीत की धानाच्या पुंजण्यांवरील पाखरे उडोन जात. तीस वर्षे ऐसे चालिले. मग गत पावसाळी घशाचे दुखणे उद्भवले, नागपुरी शस्त्रक्रिया जाहली, जीव राहिला आणि आवाज गेला. ज्या आवाजाने चाळीस गावे जागविली त्याचा एक तुकडाही कोणी उचलोन ठेविला नव्हता. फुलल्या पळसाखालोन जाणारा फुले कोठे वेचितो.

मात्र दुखण्याच्या अगोदर, मागील हिवाळ्यात, रेडिओचे अंमलदार घरी येवोन तीन घटका त्यांचे बोलणे यंत्रात भरोन घेवोन गेले होते. ते अमुक तारखेस प्रसारित होईल ऐसा खलिता आता आला. त्यात वेळही लिहिली होती. परंतु खुद्द लटारूभाऊंनी हर्षाचे भरात चहाचा पेला खलित्यावर ठेविला, शाई वाहोन गेली, आणि वेळेचे जागी एक तांबडे वर्तुळ उरले. कचेरीस पुसावे तर मोबाईलची रेंज गावाबाहेरील मोहाखाली एक दांडी दाखवी आणि बोलू लागताच पसार होई. तेव्हा त्यांचे कुटुंब शकुबाई यांनी फर्मान काढिले की, "ज्या च्यानं घात केला तो ह्या घरात बंद. ह्याईचा आवाज आयकल्याबिगर चुलीवर च्याचा गंज चढनार नाई." आणि दुसरे ऐसे की, त्या तारखेस सूर्योदयापासोन रेडिओवर जे जे बोलणे येईल ते ते समस्त ऐकावे.

रेडिओ पुरातन, त्याच्या सुईचा दोरा तुटलेला. वडशाचे कारागीर गफ्फारभाई यांनी चाकाखाली आगकाडी खोवोन एकच स्टेशन कैद करोन दिले होते आणि ताकीद दिली होती की, "बाई, याले हात नका लावू. सुई सरकली का स्टेशन गेलं समजा."

नेमल्या दिवशी सूर्योदयी चिंतनाने मोर्चा उघडिला. मनुष्याने क्रोध आवरावा ऐसा उपदेश जाहला. शकुबाईंनी तो क्रोधाने ऐकिला. मग बातम्या आल्या, मग धानावरील तुडतुड्यांचे प्रकरण आले, आणि मग एका डाक्तरांनी चहात साखर कमी घालावी ऐसे सांगितले, आणि घरी चहाच नसल्याकारणे उभयतांस आपण निरोगी असल्याचे समाधान वाटले. मग गरोदर स्त्रियांचा आहार आला, आणि लटारूभाऊ, उमर सासष्ट, न जाणो मध्येच आपला आवाज निघेल म्हणोन मांडी घालोन अखेरपर्यंत ऐकत राहिले. मग मधमाशा आल्या, आणि मग एक श्रुतिका जाहली, तीत नायक मेला, आणि शकुबाईंनी पदर डोळ्यांस लाविला, परंतु कानावरोन घेतला नाही.

दोन प्रहरी शेजारचे भैयाजी वकिलीस आले. क्रिकेटचा सामना चालू होता आणि त्यांचा रेडिओ उंदरांनी काबीज केला होता.

"वहिनी, दोन मिनिटं स्कोर आयकू द्या न."

"तुह्या स्कोरासाठी माहा मानूस सोडू काय?"

"भाऊ तं बाजूलेच बसून आहे."

"बसून आहे, बोलून नाई राह्यला. चाळीस वर्सं मीच म्हनलं, उलसाक गप बसा. आता तेच आयकाले सकाळपासून बसून आहो."

वकिली निष्फळ जाहली. मग शकुबाई बकऱ्यांस पाला घालण्यास परसात गेल्या, ही संधी साधोन गनिमाचा अंगठा चाकावर चालोन गेला, आगकाडी मोडली, आणि गोदावरीपारचे तेलुगू बोलणे घरात शिरले. शकुबाई धावोन आल्या. येता येता चुलीजवळील पळा हाती घेतला होता.

"वहिनी, म्या धूळ पुसून राह्यलो होतो," ऐसे गनिमाने निवेदन केले.

शकुबाईंनी पळा खाली ठेविला आणि उंबऱ्यावर बसल्या. तेव्हा भैयाजींची छाती खचली. कारण तो पळा उचललेला त्यांनी अनेकदा पाहिला होता, ठेविलेला कधी पाहिला नव्हता.

मग लटारूभाऊंनी रेडिओ मांडीवर घेतला, कान लाविला, आणि केसाच्या अंतराने चाक फिरवू लागले. ज्यास बोलता येत नाही त्यास ऐकणे उरते, आणि सहा महिने त्यांनी तेच केले होते. खरखरीचे रान तुडवीत, पाऊण घटकेने, ते आपल्या स्टेशनास पोहोचले. तेथे कोणी मिरचीवरील बोकड्या रोगाविषयी सांगत होता, आणि ते ऐकोन घरात आनंदीआनंद जाहला. आगकाडीचे जागी, दंडादाखल, भैयाजींचा अंगठा तैनात करण्यात आला. "हालू नको," एवढाच हुकूम.

दिवे लागले आणि लटारूभाऊंचे नाव पुकारिले गेले. तीन घटकांचे बोलणे कापोन चार मिनिटे राहिले होते. परंतु आवाज तोच. "आयका हो आयका, आज आपल्या गावी," ऐसे म्हणता छपरावरील कवडे उडाले. लटारूभाऊ भुईकडे पाहत राहिले. ओठ तेवढे मागोमाग हालत होते. आणि मग, कापणाराचे नजरेतोन कैसे सुटले न कळे, मध्येच तो आवाज खाली आला आणि म्हणाला, "शकु व, च्या मांड. पाव्हने आले."

"मांडतो न, थांबा उलसाक," म्हणोन शकुबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या, गंजात पाणी ओतिले, साखर घातली, आणि मग त्यांचा हात थांबला. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. आधण आले.

येणेप्रमाणे चहाबंदी उठली, आणि आवाज चार मिनिटे आपल्या घरी वस्ती करोन गेला, सबब मोहीम फत्ते जाहली ऐसे नोंदिले आहे. पाणी गेल्या सालच्या पाहुण्यांच्या अंदाजाने पडल्याकारणे चहा दोन पेले अधिक निघाला. पैकी एक गनिमास बक्षीस मिळाला. तो त्याने डाव्या हाताने प्याला, कारण उजवा अंगठा काढण्याचा हुकूम अद्याप जाहला नव्हता.