बबिताच्या घराची पायरी

करपेवाडीत बायकोवर हात उचलण्यास ग्रामसभेच्या ठराव क्रमांक सतरा अन्वये सोमवारी बंदी आली. मंगळवारी सकाळी लखनने बबिताचा उजवा हात मोडला. ठराव एकमताने झालेला असल्यामुळे ही घटना घडू शकत नव्हती, आणि घडलीच नसल्यामुळे तिची दखल घेणेही नियमात बसत नव्हते.

बबिता धारूरला जाऊन प्लास्टर घालून आली, ती तडक गावच्या हिंसामुक्ती समितीपुढे. तिला दोन लेकरं घेऊन कड्याला माहेरी जायचं होतं. पण कागदाशिवाय गेलेल्या बाईला 'पळून गेली' म्हणतात आणि लेकरं ओढून नेतात, हे तिनं थोरल्या बहिणीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं होतं. पोलीस चौकीतले साहेब म्हणाले होते, आधी समितीचं पत्र आणा.

समितीचे अध्यक्ष सुंदरराव, गावातले बडे बागायतदार, तिचा हात बघून फार हळहळले.

"बबे, लई वाईट झालं. परवा हिंसामुक्त गाव स्पर्धेचं तपासणी पथक येणार, अन् तू आजच हात मोडून बसलीस!"

"मी न्हाई मोडला, आण्णा. लखननं मोडला, काठीनं. लिहून घ्या."

"लिहिलं की शून्याचा एक हुतो. एक तक्रार अन् गाव बाद! तू पायरीवरून पडलीस, असं लिहू."

"आमच्या घराला पायरीच न्हाई."

सुंदररावांनी शांतपणे चष्मा पुसला. "मग पायरी मंजूर करू."

आणि केली की हो! जिला नऊ वर्षांत बबिताच्या वस्तीला एक नळ देता आला नाही, त्या ग्रामपंचायतीनं दिवस मावळायच्या आत बबिताच्या दारापुढे सिमेंटची ठणठणीत पायरी घातली. आता घर होतं जमिनीसपाट. त्यामुळे एकदा चढून पुन्हा उतरल्याशिवाय कुणाला आत जाता येईना. शेळ्यांना मात्र ती जागा भारी आवडली. दुसऱ्या दिवशी लखनच तिच्यावरून तोंडावर पडला, तेव्हा समितीनं 'पायरी धोकादायक असल्याचे सिद्ध' अशी नोंद करून समाधान व्यक्त केलं.

तरी सरपंच विजयसिंहांच्या जिवाला घोर होताच. पथकानं हात बघितला तर विचारणारच. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "एकीचाच हात गळ्यात असला की डोळ्यांवर येतो. सगळ्यांचाच असला तर?"

झालं! गणपती करणाऱ्या सोमनाथकडून प्लास्टरची पोती आली आणि गावातल्या उरलेल्या बावन्न बायकांचे उजवे हात बांधले गेले. कागदोपत्री या प्रकाराला 'महिलांचा सामूहिक जनजागृती देखावा' असं नाव पडलं.

उजवे हात अडकल्यावर चूल आपोआप पुरुषांकडे आली. त्या दिवशी करपेवाडीत ज्या भाकरी झाल्या, त्या शेळ्यांनी नुसत्या हुंगून सोडल्या. म्हातारी दगडाबाई बाजेवर ऐसपैस बसून नवऱ्याला म्हणाली, "मळा, निवांत मळा. मला कुठं घाई हाय?" बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. बबिताही हसली. मग हातातून कळ गेली आणि तिला या सगळ्यांचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

पथक आलं. फेटे झाले, नारळ झाले. पथकप्रमुख सुकन्या मॅडम त्रेपन्न प्लास्टरं बघून भारावून गेल्या. एवढ्यात बबितानं मंचावर चढून माईक हातात घेतला.

"ह्यांचे हात खोटे हायेत. माझा खराच मोडलाय. लखननं मोडला. ह्यो बघा, तिथं फेटा बांधून बसलाय. कुणी लिहून घेईना. मॅडम, तुमी तरी लिहून घ्या."

विजयसिंह माईकची वायर शोधू लागले. आणि मग सुकन्या मॅडम उठून टाळ्या वाजवू लागल्या. "काय जिवंत अभिनय! अंगावर काटा आला!" त्यांनी खरोखरच लिहून घेतलं: सादरीकरण, दहापैकी दहा. सारा मंडप टाळ्या वाजवत होता. सगळ्यांत जोरात लखन.

तेवढ्यात दगडाबाईनं आपलं प्लास्टर खुर्चीवर आपटून फोडलं. आतला हात मनगटापाशी वाकडा होता, चाळीस वर्षांपूर्वी मोडलेला. "ह्यो बी लिहा," ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, वेशभूषेचेही पूर्ण गुण देऊ.

गावाला पहिला नंबर मिळाला. बबिताला उत्कृष्ट अभिनेत्रीचं प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन ती चौकीत गेली, तर साहेबांनी तिला एक संवाद म्हणून दाखवायला सांगितलं.

कुणीतरी मंडपातल्या प्रकाराचा व्हिडिओ केला होता. तो जिल्हाभर फिरला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. शेवटी बबिता थेट तुमच्याकडे बघून विचारते, "कुणी लिहून घेता का?" पण तो भाग एक मिनिट चाळीस सेकंदांनंतर आहे. त्याच्या आधीच तुम्ही दोन हसरी तोंडं टाकून व्हिडिओ पुढं ढकलला होता.