राक्षसाला पाणी

स्वतः करून पाहिल्याशिवाय नानाशास्त्री कशावरही निर्णय देत नाहीत. उपासाला राजगिऱ्याचा पिझ्झा चालतो का, असं कुणी विचारलं, तर नानांनी आधी दोन पिझ्झे खाल्ले. दुसऱ्या दिवशी निर्णय आला, "चालतो. पचत नाही." काशीतल्या दुर्गाघाटावरची आमची मराठी घरं सुतकापासून मुहूर्तापर्यंत सगळं त्यांनाच विचारतात, आणि त्यांचं उत्तर नेहमी "शास्त्र असं सांगतं" इथूनच सुरू होतं.

म्हणून माझ्या लेकीचा, गार्गीचा खटलाही त्यांच्यापुढेच गेला. गार्गी चौदाची. तलवार घेऊन राक्षस मारत हिंडायचा एक व्हिडिओ गेम तिला खेळायचा होता आणि खोक्यावर तर 'सोळा वर्षांवरील' असं छापलेलं. माझी साफ ना, तिचा कडक अबोला. शेवटी तीच म्हणाली, "नाना जो कहेंगे, वही फायनल!" मी मनात म्हटलं, जिंकले.

दुपारी नाना आले ते सोवळं नेसून, हातात तांब्या-ताम्हण घेऊन. टीव्हीपुढे पाट मांडून बसले. "हं, दाखव गं पोरी, वार कसा करायचा?"

पहिल्याच राक्षसानं त्यांना कितीदा तरी लोळवलं. कारण राक्षस पाठमोरा दिसला की नाना वार करत नसत. लांबून वळसा घालून त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहत.

"अरे नाना, पीछे से मारिए ना!" गार्गी किंचाळायची.

"पाठमोऱ्यावर शस्त्र? छे! शास्त्र असं सांगतं, समोर यावं."

एकदाचा राक्षस पडला. नानांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं, दक्षिणेकडे तोंड केलं आणि तीळ घालून ओंजळभर पाणी ताम्हणात सोडलं. "ज्याच्या मागं कुणी नाही, त्यालाही पाणी द्यावं. याचं तरी कोण असणार?" तेवढ्यात टीव्हीत मागून दुसरा राक्षस आला आणि नानांचा वध करून गेला.

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मणिकर्णिकेवरच्या चिता बघत मी लहानाची मोठी झाले. पण मेलेल्याचा एवढा मान राखणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला खरंच हात जोडावेसे वाटले.

मग नाना रोज दुपारी येऊ लागले. गार्गीनं त्यांना खेळ मध्येच थांबवायचं बटण शिकवलं, त्यामुळे पाणी देताना त्यांचा जीव जायचा थांबला. निर्णयाचं मात्र नाव नाही.

एक दिवस नाना म्हणाले, "आज तू खेळ. मी बघतो." गार्गीनं सपासप तलवार चालवली. राक्षस कोसळला, आणि कुणी काही सांगायच्या आत तिनं खेळ थांबवून तांब्या नानांपुढे सरकवला.

नानांनी तांब्या उचलून ताम्हणात पाणी सोडलं. मग मला म्हणाले, "खेळू दे हिला. ही बिघडायची नाही. एकच अट, ही खेळेल तेव्हा मी शेजारी बसणार."

मी हरले होते, पण खोड जाईना. "नाना, असं कुठलं शास्त्र सांगतं?"

नाना ताम्हण पुसत राहिले. "याला शास्त्र नाही गं. आमची ही गेल्यापासून दुपारी घरात बोलायला कुणी नसतं."

गार्गीनं त्यांचा पाट आपल्या शेजारी ओढून घेतला.