एलरिक गिटन्सचा हरवलेला किनारा

बायकोने न मागता पानात दुसऱ्यांदा वाढलं आणि वर काही बोलली नाही, तर शहाण्या नवऱ्याने पटकन हात धुऊन उठावं. एलरिक गिटन्स उठला नाही. मक्याचं पीठ घोटून केलेल्या कुकूवर माशाचा रस्सा होता, आणि रस्सा समोर असला की एलरिकची अक्कल बशीच्या पलीकडे जात नाही.

"रविवारी पंचवीस वर्षं होतात आपल्या लग्नाला," व्हेल्डा म्हणाली.

"हो तर!" एलरिक म्हणाला. (आठवण होती असं नाही. पण 'हो तर' हे उत्तर संसारात सहसा चुकत नाही.)

"मला काही नको. दागिना नको, हॉटेलातलं जेवण नको. ज्या किनाऱ्यावर तू मला मागणी घातलीस ना, तिथे मला ने. मला बघायचाय तो."

"एवढंच ना? नेतो की!" एलरिक म्हणाला आणि काटा शोषला.

काटा तोंडात असतानाच त्याच्या ध्यानात आलं. किनारा कुठला, हेच त्याला आठवेना!

आता हे किती भयंकर होतं ते सांगायला हवं. आमच्या बार्बाडोसात गेल्या पंचवीस वर्षांत असं लग्न झालं नसेल, ज्यात एलरिकने रमचा ग्लास हातात घेऊन आपल्या मागणीची गोष्ट सांगितली नाही. पौर्णिमा होती, लाटा पायाशी येत होत्या, मी वाळूत गुडघा टेकला, व्हेल्डाच्या डोळ्यांत पाणी आलं. दरवर्षी गोष्टीत भर पडत गेली. एका वर्षी लांबून गिटार ऐकू आलं. पुतणीच्या लग्नात तर ऐन मागणीच्या वेळी समुद्रातून एक कासव अंडी घालायला वर आलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. किनाऱ्याचं नाव मात्र कोणी विचारलं नाही, आणि एलरिकनेही सांगितलं नाही.

व्हेल्डाचा राग आरडाओरड्याचा नाही. ती गप्प बसते. मागे एकदा एलरिक तिच्या आईचा वाढदिवस विसरला होता. तेव्हा ईस्टरपासून उसाचा हंगाम संपेपर्यंत ती त्याच्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होती. "बिस्किट, त्याला सांग चहा झालाय." वाढदिवसाला ही शिक्षा, तर मागणीचा किनारा विसरल्याला काय? एलरिकला त्या रात्री डोळ्यासमोर म्हातारा झालेला बिस्किट दिसू लागला, दोघांचे निरोप पोचवून पोचवून थकलेला. आणि खरं सांगायचं तर शिक्षेपेक्षा त्याला दुसरीच भीती वाटत होती. ही बाई पंचवीस वर्षं काही मागत नाही, आणि मागून मागून मागितलं ते नेमकं आपल्याकडे नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

उपाय एकच होता. शनिवारी कचेरीत काम आहे सांगून बाहेर पडायचं, बेटावरचे सगळे किनारे पालथे घालायचे. खरा किनारा समोर आला की आपोआप आठवेल.

पण स्वतःच्या गाडीतून जाणं शक्य नव्हतं. आमच्याकडे माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या गाडीचा नंबर जास्त ओळखीचा. एलरिकची निळी गाडी दोन वळणं पुढे जात नाही तोवर व्हेल्डाला कळतं, तो कुठल्या रमच्या दुकानापुढे थांबला ते. म्हणून त्याने भाड्याची गाडी घेतली. पांढरी, चिमुकली, नंबराच्या आधी 'एच' लिहिलेली. एच म्हणजे भाड्याची गाडी, आणि आत परदेशी पाहुणा. त्या गाडीत कोण बसलंय हे आमच्यातला कोणी वाकूनसुद्धा बघत नाही. वर त्याने फुलाफुलांचा शर्ट, गवती टोपी आणि काळा चष्मा घेतला. आरशात बघून त्याची खात्रीच पटली, की पाणीपट्टीच्या खिडकीत बसणारा गिटन्स तो हा नव्हे.

पहिला धक्का रस्त्यावरच बसला. मिनीबसवाल्याने त्याला वाट दिली! ज्या मिनीबसवाल्यांनी आयुष्यभर त्याला गटारात घातलं, त्यातलाच एक थांबला, हसला आणि हाताने 'या, या' म्हणाला. एलरिकला वाटलं आपण मेलो आणि हा स्वर्गातला रस्ता आहे.

आता एक गोष्ट एलरिकच्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. आमच्याकडे ओळखीचं माणूस दिसलं की दोनदा हॉर्न वाजवतात. वाजवला नाही तर माणूस समजतो, याच्याशी आपलं भांडण झालंय, आणि घरी जाऊन ते कशावरून झालं असेल ते शोधत बसतो. एलरिकचा हात गेली कित्येक वर्षं डोक्याला न विचारता हॉर्नवर जातो. टोपी नवी होती, शर्ट नवा होता, हात जुनाच होता. पाद्रीबाबा दिसले, टूट-टूट. बेकरीवाली दिसली, टूट-टूट. काळ्या चष्म्याआड एलरिक आपला किनारा आठवत होता, आणि मागे रस्त्यात उभी माणसं त्या एचच्या गाडीकडे आ वासून बघत होती.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर पाणी बशीतल्या चहासारखं स्वस्थ होतं. एलरिकने इकडेतिकडे बघून वाळूत गुडघा टेकला. गुडघ्याला आठवेल, असा त्याचा हिशेब होता. गुडघ्याला काही आठवलं नाही, एक खेकडा मात्र चावला. पुढच्या किनाऱ्यावर तेच, फक्त खेकडा नव्हता. उत्तरेला वारा इतका की टोपी धरू की गुडघा टेकू असं झालं.

दुपारी तो पूर्वेच्या किनाऱ्यावर, बाथशिबाला पोचला. तिथे नारळपाण्याची गाडी लावून कार्लाइल उभा असतो. हा व्हेल्डाचा मामेभाऊ. एलरिकने मान खाली घातली, टोपी पुढे ओढली, आणि जाता जाता टूट-टूट.

बाथशिबाच्या समुद्रात शहाणा माणूस पोहत नाही, खडकांमधल्या डबक्यांत बसतो. एलरिक त्या खडकांपाशी गेला आणि त्याच्या अंगावर काटा आला. हाच! हाच तो किनारा! त्याने डोळे मिटले, गुडघा टेकला, दोन्ही हात पुढे पसरले आणि पंचवीस वर्षं सांगितलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं, "माझ्याशी लग्न करशील का?"

"नको," उत्तर आलं.

एलरिकने डोळे उघडले. समोरच्या डबक्यातून एक धिप्पाड गोरी बाई उठून उभी राहिली होती. अंगावर पोहण्याचे कपडे, तेही मोजकेच.

"फार छान विचारलंत हो," ती सभ्यपणे म्हणाली, "पण माझा एक आहे आधीच. तो बघा." शेजारच्या डबक्यातून एका टकल्या माणसाने हात हलवला.

एलरिक उठला, घसरला, पुन्हा गुडघ्यावर आला. (बाईंनी पुन्हा 'नको' म्हटलं.) मग तो पळत सुटला. नारळाच्या गाडीपाशी कार्लाइल कोयता हवेत धरून तसाच उभा होता.

"दादा," कार्लाइल अगदी सावकाश, पाहुण्यांशी बोलतात तसं बोलला, "तुम्ही. आमच्या. एलरिकसारखे. दिसता."

एलरिकने गाडी सुरू केली. आणि निघताना, देवा रे, पुन्हा टूट-टूट.

डोंगर चढून तो वर आला तर बसथांब्यावर मिस अर्मिन ऑलीन उभ्या. चर्चच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. हातात शनिवारचं रताळ्याचं पुडिंग, लिंबू पिळलेल्या डुकराच्या मटणाचा डबा, डोक्यावर पिवळी टोपी. या वेळी तरी आपल्या हाताला आवरायचं असं एलरिकने ठरवलं. हाताने ऐकलं नाही. मिस अर्मिन सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"एचची गाडी आणि दोनदा हॉर्न! म्हटलं, हा आपलाच कोणीतरी येडा," दार उघडून बसत त्या म्हणाल्या. "गिटन्स, ती टोपी काढ. कोंबडीच्या खुराड्यासारखी दिसतेय. आणि घरी सोड मला, बस मेली आलीच नाही."

एलरिकने गाडी हाकली. थोडं पुढे गेल्यावर मिस अर्मिन यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या गाडीला ऐकू येतो.

"अर्मिन, ऐकलंस का गं?" पलीकडून चर्चमध्ये त्यांच्या शेजारी गाणाऱ्या युडीनबाई ओरडल्या. "व्हेल्डाच्या एलरिकने बाई ठेवली!"

"काय सांगतेस!"

"भाड्याची गाडी घेऊन हिंडतोय. बाथशिबाला एका बाईपुढे गुडघे टेकले, कार्लाइलने डोळ्यांनी पाहिलं! चांगला लपायला गेला आणि गावभर हॉर्न वाजवतोय, मस्ती बघ मेल्याची! आणि आता तिला शेजारी बसवून फिरवतोय. आत्ता माझ्या दारावरून गेले!"

"अगं बाई! निर्लज्ज! कशी आहे दिसायला?"

"म्हातारी आहे गं! पिवळी टोपी, तोंडाला ही एवढी पावडर. या वयात काही लाजबीज?"

मिस अर्मिन यांनी फोन बंद केला. छातीवर हात ठेवला. "थांबव गाडी, एलरिक. कुठे आहे ती बाई?"

"मिस अर्मिन," एलरिक रडकुंडीला येऊन म्हणाला, "ती तुम्हीच."

मिस अर्मिन यांनी मागे वळून रिकामी सीट बघितली. मग समोरचा आरसा आपल्याकडे वळवला आणि पिवळ्या टोपीकडे बराच वेळ पाहिलं.

"युडीन मला म्हातारी म्हणाली?"

"मिस अर्मिन, माझा संसार बुडतोय आणि तुम्ही..."

"तिच्यापेक्षा मी लहान आहे, कळलं? बरं, तू सांग. काय करत होतास त्या बाईपुढे?"

एलरिकने सगळं सांगितलं. व्हेल्डाची मागणी, विसरलेला किनारा, खेकडा, गोरी बाई. मिस अर्मिन ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक भाव येत होता.

"किनारा?" त्या म्हणाल्या. "कुठला किनारा? घरी घे गाडी. तुझ्या घरी. मी येते."

एलरिकच्या गल्लीत त्या संध्याकाळी सगळ्यांना एकदमच कुंड्यांना पाणी घालायचं सुचलं होतं. व्हेल्डा ओसरीत बसली होती. मांडीवर बिस्किट. ते बघून एलरिक पायरीखालीच थांबला.

"बिस्किट," व्हेल्डा शांतपणे म्हणाली, "त्याला विचार, त्या बाईने उत्तर काय दिलं."

"नको म्हणाली!" एलरिक ओरडला. "म्हणजे मी तिला विचारलंच नव्हतं! व्हेल्डा, मी तुलाच विचारत होतो गं! मला आठवत नाही कुठला किनारा ते! सकाळपासून शोधतोय. प्रत्येक वाळूत गुडघे टेकले. मी लग्नालग्नांतून काय सांगत आलो, आणि मला साधी जागा आठवत नाही. बोल मला, ओरड, पण या कुत्र्याला मध्ये घालू नकोस!"

गल्लीतलं पाणी कुंड्यांवरून वाहून रस्त्यावर आलं.

व्हेल्डाचे खांदे हलायला लागले. एलरिकला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघतो तर ती हसत होती. इतकी, की बिस्किट मांडीवरून खाली घसरला.

"अरे माणसा," ती डोळे पुसत म्हणाली, "किनारा नव्हताच! ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारात होतो आपण, रांगेत. आणि तू नाही, मीच विचारलं, की एलरिक, आपण लग्न करायचं का? तर तू म्हणालास, 'थांब, आधी मासे घेऊ दे.'"

"मी होते की मागे," मिस अर्मिन म्हणाल्या. "याचं 'हो' येईपर्यंत माझे उडते मासे संपले. पंचवीस वर्षं मनात आहे माझ्या."

एलरिक ओसरीच्या पायरीवर मटकन खाली बसला. पौर्णिमा गेली, गिटार गेलं, कासव गेलं. आणि त्या सगळ्याच्या जागी, हळूहळू, माशांचा वास आला. मग खवल्यांनी ओली जमीन, मग निळ्या झग्यातली व्हेल्डा, हातात पिशवी. आठवलं!

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू इतकं छान सांगायचास, मध्ये तोंड घालवेना. पण पुतणीच्या लग्नात कासव आलं, तेव्हा म्हटलं, आता ही जागा एकदा डोळ्यांनी बघायलाच हवी."

रविवारी चर्च सुटल्यावर दोघं ऑइस्टिन्सला गेली. गाडी तीच, एचची. व्हेल्डा त्याच्या हातावर हात ठेवून बसली होती, तरी वाटेत हॉर्न दोनदा वाजलाच. रांगेत नंबर जवळ आला तेव्हा एलरिकने टोपी काढली, चर्चच्या इस्त्रीच्या पँटीत, त्या ओल्या, खवल्यांच्या जमिनीवर गुडघा टेकला आणि सगळ्या बाजारासमोर विचारलं, "व्हेल्डा, माझ्याशी लग्न करशील का?"

माशांवरचे सुरे थांबले. कोळिणी कमरेवर हात ठेवून बघू लागल्या. एलरिकच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं.

"थांब," व्हेल्डा म्हणाली, "आधी मासे घेऊ दे."

तिने मासे घेतले. उलटून, कल्ले बघून, भाव करून, अगदी सावकाश. एलरिक तसाच गुडघ्यावर होता. मासे उत्तम निघाले. उत्तर अजून आलेलं नाही.