व्याह्यांनी धरलेली होडी

"जड वस्तू हलवायला डोकं लागतं, दंड नव्हेत!" असं जयवंतराव फुलपाड्यातून गाडीत बसताना एकदा म्हणाले, आणि कळंबचा किनारा येईपर्यंत आणखी चार वेळा म्हणाले. गाडी चालवणाऱ्या आयुषनं, म्हणजे त्यांच्या चिरंजिवांनी, नुसतं "हं" केलं. त्यांच्या पत्नी वसुंधराबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत फायलीपेक्षा जड काही न उचललेला माणूस निवृत्त झाला की त्याच्या अंगात येतं, हे त्या तीन महिने बघत होत्या.

निमित्त होतं आयुषच्या सासऱ्यांची, म्हणजे श्रीपतची, होडी शाकारण्याचं. श्रीपत तसा शेतकरी, पण घरची एक वीस फुटी होडीही होती. मे संपत आला की ती पाण्यातून वर ओढायची, टेकू लावून सुरूच्या झाडांखाली उभी करायची, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, डांबर फासायचं, वर ताडपत्री बांधायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

जयवंतरावांना शर्टाच्या बाह्या सरसावून येताना पाहिलं आणि श्रीपतला घाम फुटला. मुलाकडचा व्याही! त्याला पाट द्यायचा, पाणी द्यायचं, काम कसं द्यायचं?

"तुमी सावलीला बसा, व्याहीबुवा. शहाळं आनतो."

"शहाळं कसलं? मी कामाला आलोय. काम सांगा!"

होडी ओढताना त्यांनी दोर धरला तो उलट्या दिशेला. मग ओढणाऱ्यांना "एक, दोन, तीन" म्हणून दाखवलं, तेव्हा निम्मे दोनला ओढायचे आणि निम्मे तीनला! तरीही होडी वर आली, टेकू लागले, ओढणारी माणसं घरी गेली. आयुष बूट काढून, खरवडणी घेऊन होडीच्या बुडाखाली शिरला. आणि जयवंतराव पुन्हा श्रीपतपुढे उभे!

"आता काय करू?"

श्रीपतनं इकडंतिकडं पाहिलं. होडीच्या काठाला एक बांबू टेकवलेला होता.

"ह्यो बांबू धरा. घट्ट धरा हां, सोडू नका! मी वाडीतून ताडपत्री घेऊन आलोच," असं म्हणून तो सुटकेचा श्वास टाकत निघून गेला.

जयवंतरावांनी बांबू धरला आणि सहज वर पाहिलं. बांबूचं टोक होडीला टेकलेलं. होडी त्यांच्याकडे किंचित झुकलेली. आणि खाली त्यांचा एकुलता एक मुलगा! म्हणजे ही होडी आपण धरलीय? हात सुटला तर...

त्यांचे हात थरथरायला लागले. हातांमुळे बांबू थरथरला आणि बांबूमुळे काठावरची एक फळी खडखडली. "हलली! होडी हलली!" त्यांनी डोळे गच्च मिटले आणि मोठमोठ्यानं तेहतीस कोटी देवांना हाका मारायला सुरुवात केली. त्या गोंधळात "बाबा, डोळ्यात कचरा गेलाय, धुऊन येतो" असं कोणीतरी ओरडलं असतं तरी ते त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं.

दहा मिनिटांनी देवांची यादी संपली. त्यांनी हाक मारली, "आयुष, बाहेर ये!"

उत्तर नाही.

मान वाकडी करून त्यांनी पाहिलं. पलीकडच्या काठाशी आयुषचे बूट दिसत होते, आडवे पडलेले, अगदी स्तब्ध! बूट आहेत म्हणजे पाय आहेत, पाय आहेत म्हणजे मुलगा आहे, आणि मुलगा ओ देत नाही म्हणजे... काय झालं असेल? गुदमरला? डोक्याला लागलं? बघायला जावं तर बांबू सोडावा लागणार, आणि बांबू सोडला तर होडी त्याच्या अंगावर! आयुष्यात ते इतके कधीच घाबरले नव्हते.

"धावा! कोणीतरी धावा!"

सांडोर गावचा केळीवाला फर्डिनंड स्कूटरवर केळ्यांचे घड लादून कॉटेजवाल्यांकडे चालला होता. तो धावत आला. "काय झाला, अंकल?"

"खाली माणूस आहे! होडी पडतेय! धर!"

फर्डिनंडनं छातीवर क्रूस काढला आणि खांदा लावला. त्याच्या ओरडण्यानं पाण्यात डुंबणारे पाच पर्यटक ओलेत्यानं आले, त्यांनीही हात लावले. आठ-दहा गावकरी आले. कोणी विचारत नव्हतं, जो येई तो धरी! पर्यटकांतला एकजण एका हातानं होडी धरून दुसऱ्या हातानं फोनवर अग्निशमन दलाला कळंबचा पत्ता सांगत होता. इतक्या माणसांनी रेटल्यावर होडी खरोखरच कुरकुरली आणि सगळे एकदम किंचाळले.

बातमी घरी पोचली. वसुंधराबाई आणि श्रीपतची बायको कमळी धापा टाकत आल्या.

"अहो, कोण आहे खाली?" वसुंधराबाईंनी विचारलं.

आईला कसं सांगायचं? "मग सांगतो," जयवंतराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "आधी धर!"

त्यांनी धरलं. कमळीनंही धरलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी गर्दीतून वाट काढत, अनवाणी धावत आलं आणि जयवंतरावांच्या शेजारीच वाळूत आडवं पडलं. "तुम्ही धरून ठेवा! मी आत जाऊन ओढून काढतो!"

"नको रे बाबा!" जयवंतराव डोळे मिटूनच ओरडले. "एक गेलाय तेवढा पुरे! दुसऱ्याचा पोरगा नको!"

"पण अडकलंय कोण?"

"माझा आयुष!"

"बाबा," वाळूतून आवाज आला, "मी इथं आहे."

जयवंतरावांनी एक डोळा उघडला. लाल डोळ्यांचा, ओल्या तोंडाचा आयुष त्यांच्याकडे बघत होता. झालं! इतक्या जणांनी एकदम हात सोडले. जयवंतराव "अरे, अरे!" करेपर्यंत बांबू त्यांच्याही हातून निसटला आणि फर्डिनंडच्या केळ्यांवर जाऊन पडला. होडी मात्र जागची तसूभरही हलली नाही.

जयवंतरावांनी आयुषच्या पाठीत आधी एक धपाटा घातला आणि मग त्याला असं घट्ट मिठीत घेतलं की त्याच्या डोळ्यातला उरलासुरला कचराही निघाला असावा.

मागून ताडपत्री खांद्यावर घेऊन श्रीपत आला. गर्दी पाहून तो चक्रावला. "काय झाला? कोन पडला?"

"होडी पडत होती!" जयवंतराव म्हणाले. "तुमचा टेकू..."

"टेकू ते बघा, दोन्ही अंगाला दोन-दोन. हत्ती बसवा वर! ह्यो तर ताडपत्रीचा बांबू."

"मग मला धरायला का सांगितलंत?"

श्रीपतनं ताडपत्री खाली ठेवली आणि कान खाजवला. "आता काय सांगू, व्याहीबुवा! सकालधरनं तुमी काम द्या, काम द्या करता. व्याह्याला खरा काम कसा सांगायचा? म्हटला, काहीतरी हातात असू दे."

गर्दी पांगली. पर्यटक पुन्हा पाण्यात गेले. फोनवाला अग्निशमन दलाची माफी मागत होता. जयवंतराव वाळूत बसले. आजवरचा सगळा संसार त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत होता.

"वसू," शेवटी ते हळूच म्हणाले, "दिवाळीला तू पंखा पुसायला चढतेस, तेव्हा मी खाली स्टूल धरून उभा असतो."

"मग?"

"ते... धरलं नाही तरी उभं राहतं का गं?"

वसुंधराबाई लगबगीनं उठल्या आणि साडीवरची वाळू झटकायला लागल्या. "चला, जेवायला चला," त्या म्हणाल्या. "कमळीताईंनी पानं वाढलीयेत."